वस्तीतील गोळीबार रोखण्यासाठी सरकारी अनुदान : कॅलिफोर्नियातील नवख्या अर्जदारांसाठी

फ्रीमाँट किंवा सॅन होजे येथे राहणाऱ्या मराठी माणसाला ईस्ट ओकलंड ही बहुधा विमानतळाकडे जाताना महामार्गावरून दिसणारी वस्ती असते. मलाही ती बरीच वर्षे तशीच होती. पुढे एका सहकाऱ्याच्या आग्रहामुळे अशाच एका वस्तीत काम करणाऱ्या छोट्या संस्थेचे हिशेब मी सुट्टीच्या दिवशी पाहू लागलो, नंतर तिचा खजिनदार झालो आणि खजिनदार झाल्यावर अनुदानाचे अर्ज लिहिण्याचे काम आपोआपच माझ्या अंगावर आले. अमेरिकेतील सेवाभावी संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आता बरीच मराठी मंडळी दिसतात. त्यांच्यापैकी ज्यांच्या संस्थेला टोळ्यांमधील वैर आणि बंदुकीचा हिंसाचार कमी करण्याच्या कामासाठी सरकारी पैसा मिळवायचा आहे, परंतु सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. उदाहरणे कॅलिफोर्नियाची आहेत, कारण मला तेथीलच व्यवहार जवळून ठाऊक आहे. इलिनॉय, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या राज्यांच्या स्वतंत्र योजना आहेत, आणि त्यांचे नियम वेगळे असले तरी अर्जाची धाटणी पुष्कळशी सारखीच असते.

पैसा कोठून येतो, हे आधी समजून घ्या

राज्याच्या पातळीवरील मुख्य योजना म्हणजे ‘कॅलिफोर्निया व्हायलन्स इंटरव्हेन्शन अँड प्रिव्हेन्शन’, जिला सगळे जण कॅलव्हिप म्हणतात. टोळीप्रतिबंधासाठी पूर्वी असलेल्या कॅलग्रिप या योजनेच्या जागी ती 2017 साली आली. 2019 मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला, आणि सॅक्रामेंटो येथील ‘बोर्ड ऑफ स्टेट अँड कम्युनिटी करेक्शन्स’, म्हणजेच बीएससीसी, हे मंडळ ती चालवते. आरंभीची काही वर्षे या योजनेचे भवितव्य दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून असे आणि मंजूर होणारी रक्कम कमीजास्त होत राही. 2023 साली संमत झालेल्या ‘असेंब्ली बिल 28’ने हे चित्र बदलले. या कायद्यानुसार 1 जुलै 2024 पासून राज्यात बंदुका, त्यांचे काही सुटे भाग आणि काडतुसे यांच्या किरकोळ विक्रीवर 11 टक्के कर लागतो आणि त्या उत्पन्नातील पहिले 7 कोटी 50 लाख डॉलर दरवर्षी कॅलव्हिपसाठी राखले जातात. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बंदुका आणि काडतुसांवर 10 ते 11 टक्के संघीय करही फार जुन्या काळापासून आहे, परंतु 1937 च्या कायद्यान्वये तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळतो. बंदुकीवरील कराचा पैसा बंदुकीनेच घायाळ झालेल्या वस्त्यांकडे जावा, ही कल्पना प्रत्यक्षात यायला 21वे शतक उजाडावे लागले.

संघीय पातळीवर 25 जून 2022 रोजी ‘बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला आणि त्यात वस्तीपातळीवरील हिंसाचार रोखण्याच्या कामासाठी 5 वर्षांत मिळून 25 कोटी डॉलरची तरतूद झाली. हा निधी न्याय विभागाच्या ‘ऑफिस ऑफ जस्टिस प्रोग्रॅम्स’मार्फत वाटला जातो. मात्र एप्रिल 2025 मध्ये याच कार्यालयाने 360हून अधिक चालू अनुदाने मुदतीआधीच थांबवली. ही अनुदाने विभागाच्या नव्या प्राधान्यक्रमांत बसत नाहीत, असे कारण देण्यात आले. पत्र दुपारी आले आणि पुढच्या पगाराला पैसे नाहीत, अशी वेळ अनेक संस्थांवर आली. त्यानंतर निघालेल्या 2025 च्या अर्जसूचनेत वस्तीतील संस्थांना मुख्य अर्जदार म्हणून जागाच ठेवलेली नव्हती आणि सारा भर शासकीय संस्था व पोलीस यंत्रणेकडे झुकलेला होता. म्हणून नवख्या संस्थेने संघीय अनुदानाकडे पाहावे, पण त्याच्या भरवशावर घर बांधू नये.

तिसरा स्रोत शहराचा असतो आणि नवखे नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. ओकलंडच्या मतदारांनी 2004, 2014 आणि 2024 अशा तीन वेळा मालमत्तेवरील आणि वाहनतळांवरील जादा कर स्वतःवर लावून घेतला, आणि त्यातला एक हिस्सा हिंसाचार प्रतिबंधाकडे जातो. आपल्या शहरात असे काही आहे का, याची चौकशी नगर परिषदेच्या कार्यालयात अर्ध्या तासात होऊ शकते.

हे काम नेमके कशाला म्हणतात

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी या कामाचा इतिहास वाचणे आवश्यक आहे, कारण अर्ज तपासणारी मंडळी तो कोळून प्यायलेली असतात. बॉस्टनमध्ये 1996 साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन सीझफायर’ने एक साधी, पण तोवर कोणी नीट न मांडलेली गोष्ट धरली. शहरातील गोळीबाराचा मोठा भाग मूठभर गटांतील मूठभर माणसांभोवती फिरत असतो, आणि ती माणसे नावानिशी माहीत असतात. पोलीस, धर्मगुरू आणि समाजसेवक यांनी एकत्र बसून त्या तरुणांना समोरासमोर सांगितले की तुम्ही जिवंत राहावे असे आम्हाला वाटते, हवी ती मदत आम्ही करू, परंतु यापुढे गोळी चालली तर सारी यंत्रणा त्या गटामागे लागेल. शिकागोत 2000 साली डॉ. गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने वेगळी वाट धरली. हिंसाचार साथीसारखा पसरतो, म्हणून तो पसरण्याआधीच अडवावा, या विचाराने त्यांनी वस्तीत वजन असलेल्या, बहुधा स्वतः तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना भांडणे मिटवण्यासाठी रस्त्यावर उतरवले. या माणसांना ‘व्हायलन्स इंटरप्टर’ म्हणतात.

कॅलिफोर्नियाची स्वतःची परंपरा याहूनही जवळची आहे. ओकलंडमधील ‘यूथ अलाइव्ह’ या संस्थेने 1994 पासून गोळी लागलेल्या तरुणांच्या रुग्णालयातील खाटेशी माणूस पाठवायला सुरुवात केली, कारण सूड घेण्याचा बेत पुष्कळदा तेथेच, भेटायला आलेल्या मित्रांच्या घोळक्यात शिजतो. रिचमंड या सुमारे एक लाख वस्तीच्या शहरात 2007 साली 47 खून झाले. त्याच वर्षी तेथे ‘ऑफिस ऑफ नेबरहूड सेफ्टी’ हे कार्यालय डिव्होन बोगन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले आणि पुढे त्याने गोळीबारात गुंतलेल्या तरुणांना निवडून दीड वर्ष मार्गदर्शन, प्रवास आणि ठरलेली उद्दिष्टे गाठल्यास मासिक विद्यावेतन देण्यास आरंभ केला. 2014 मध्ये तेथील खुनांची संख्या 11 होती. ओकलंडमध्ये 2012 च्या सुमारास सीझफायर नव्याने उभे राहिले आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात बंदुकीने होणाऱ्या खुनांत त्यामुळे सुमारे 31 टक्के घट झाल्याचे आढळले. पुढे महासाथीच्या काळात शहराने या पद्धतीचे काटेकोर पालन सोडले, खून पुन्हा वाढले, आणि 2024 च्या आरंभी आलेल्या तपासणी अहवालाने ते स्पष्ट शब्दांत नोंदवले.

एवढे वाचल्यावर आपले काम या वाटांपैकी कोणत्या वाटेवर आहे, हे स्वतःला विचारावे. शाळकरी मुलांसाठी उन्हाळी बास्केटबॉल, भिंतीवरील चित्रे, शांततेची फेरी ही सारी चांगली कामे आहेत आणि त्यांना निधी देणारी खाती वेगळी आहेत. कॅलव्हिपचा कायदा मात्र हिंसाचाराच्या फेऱ्यात गुंतलेल्या छोट्या समूहाविषयीच बोलतो, आणि ज्या प्रस्तावामुळे खून, गोळीबार आणि गंभीर हल्ले सर्वाधिक कमी होण्याचा संभव आहे, परंतु तुरुंगातील गर्दी त्यामुळे वाढणार नाही, त्याला प्राधान्य द्यावे असे सांगतो. आमच्या संस्थेचा पहिला अर्ज नापास झाला, तो याच दगडावर आपटून. आम्ही 400 मुलांसाठी पैसे मागितले होते. त्यांपैकी एकानेही कधी बंदूक हातात घेतली नव्हती.

अर्जदार म्हणून तुम्ही बसता का

कॅलव्हिपच्या कायद्याने पात्र शहरांसाठी कसोट्या ठरवल्या आहेत. अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपैकी किमान दोन वर्षे दरसाल 20 किंवा अधिक खून झालेले शहर पात्र ठरते. किंवा दरसाल किमान 10 खून आणि राज्याच्या सरासरीहून निदान 50 टक्के अधिक खुनाचा दर असलेले शहर. किंवा आपली गरज विशेष आणि निकडीची आहे हे पटवून देऊ शकणारे शहर. अशा शहरांतील रहिवाशांसाठी काम करणारी संस्था स्वतःच्या नावानेही अर्ज करू शकते. शहराला अनुदान मिळाले, तर त्यातला किमान निम्मा पैसा वस्तीतील संस्था, बिगरसरकारी संस्था किंवा हिंसाचार प्रतिबंधालाच वाहिलेली शासकीय कार्यालये यांच्याकडे गेला पाहिजे, आणि या हिशेबात पोलीस खाते धरले जात नाही.

या निम्म्या पैशातच नवख्या संस्थेची खरी संधी आहे. पहिल्याच खेपेला स्वतंत्र अर्ज करण्याऐवजी शहराच्या किंवा एखाद्या मोठ्या संस्थेच्या अर्जात उपअनुदानधारक म्हणून सामील व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मान थोडा कमी मिळतो, इतरांच्या नियमांनी चालावे लागते, परंतु तीन वर्षांत सरकारी हिशेब कसे ठेवतात हे अंगवळणी पडते, आणि पुढच्या अर्जात ‘पूर्वी सांभाळलेली अनुदाने’ या रकान्यात लिहायला काहीतरी असते. ज्या गटाची नोंदणीच झालेली नाही, त्याला ‘फिस्कल स्पॉन्सर’, म्हणजे आपल्या नावावर पैसा घेऊन तो सांभाळणारी नोंदणीकृत संस्था, शोधता येते. ती त्या बदल्यात काही टक्के रक्कम कापून घेते. भारतात ज्यांनी 12ए आणि 80जी यांची प्रमाणपत्रे मिळवली आहेत, त्यांना येथील 501(सी)(3), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्थेचा, दर्जा फारसा परका वाटणार नाही. कागद कमी लागतात, वाट तेवढीच पाहावी लागते.

नोंदण्या : सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी

राज्यात काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेची तीन ठिकाणची स्थिती चोख असली पाहिजे: सेक्रेटरी ऑफ स्टेट, फ्रँचाइझ टॅक्स बोर्ड आणि अ‍ॅटर्नी जनरलकडील धर्मादाय नोंदवही. शेवटच्या नोंदवहीत वार्षिक नूतनीकरण राहून गेले, तर संस्थेच्या नावापुढे ‘डेलिंक्वन्ट’ असा शेरा पडतो आणि तो कोणालाही संगणकावर दिसतो. तो शेरा असताना संस्थेला काम करण्याची किंवा निधी मागण्याची मुभा नसते. मंडळावर नव्याने येणाऱ्या व्यक्तीने पहिल्या दिवशीच ही नोंदवही उघडून पाहावी.

संघीय पैशासाठी सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावर नोंदणी लागते आणि तेथून 12 अक्षरी-अंकी यूईआय हा ओळख क्रमांक मिळतो. नोंदणी फुकट असते. ती करून देतो म्हणून शेकडो डॉलर मागणारी जी पत्रे संस्थेच्या पत्त्यावर येतात, ती सरळ टोपलीत टाकावीत. तिचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. आमच्या बाबतीत घटनापत्रात संस्थेच्या नावात ‘अँड’ हा शब्द अक्षरांत लिहिलेला होता, बँकेच्या कागदांवर मात्र त्याचे चिन्ह होते आणि पत्ता जुना होता. एवढ्याशा तफावतीपायी पडताळणी पाच आठवडे अडली आणि एका अर्जाची मुदत डोळ्यांसमोर निघून गेली. तेव्हापासून संस्थेचे नाव कोठे कसे लिहिले आहे, याचा एक तक्ता मी हिशेबाच्या वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवून ठेवला आहे.

सूचनापत्र दोनदा वाचा, तेही उलटे

अर्ज मागवणारे सूचनापत्र 50 ते 80 पानांचे असते. ते पहिल्या पानापासून वाचायला घेतले, तर पार्श्वभूमीतच दमछाक होते. मी गुणांकनाचा तक्ता आधी काढतो. कॅलव्हिपच्या अर्जात साधारणपणे गरज, प्रकल्पाचे वर्णन, संस्थेची क्षमता व समन्वय, मूल्यमापन आणि अंदाजपत्रक असे भाग असतात आणि प्रत्येकाला वेगळे वजन असते. ज्या भागाला जेवढे वजन, तेवढी पाने त्याला द्यावीत. त्यानंतर अपात्र ठरवणाऱ्या अटी शोधून त्या लाल शाईने अधोरेखित कराव्यात: पानांची मर्यादा, अक्षरांचा आकार, कोणाची सही, कोणते पत्र. उत्कृष्ट अर्ज एका न जोडलेल्या पत्रासाठी बाद होतात, आणि त्यावर दयेचा अर्ज चालत नाही.

शंका लेखी विचाराव्यात आणि दिलेल्या तारखेआधी विचाराव्यात. उत्तरे सर्वांसाठी जाहीर होतात, म्हणून इतरांनी विचारलेले प्रश्नही मन लावून वाचावेत. प्रतिस्पर्धी कोण आहेत आणि त्यांना कोठे अडते आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

गरज कशी मांडावी

नवख्या अर्जातील गरजेचा परिच्छेद बहुधा असा असतो: ‘आमच्या शहरात गरिबी आणि बेरोजगारी मोठ्या प्रमाणावर असून तरुण पिढी हिंसाचाराच्या विळख्यात सापडत आहे.’ हे वाक्य खोटे नाही, परंतु ते कोणत्याही शहराला लागू पडते, म्हणून तपासनिसाच्या लेखी ते कोणाचेच नाही. त्याऐवजी असे लिहावे (आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत): ‘पोलीस खात्याच्या खुल्या नोंदींनुसार मागील तीन वर्षांत आमच्या तीन गस्तक्षेत्रांत 41 गोळीबार झाले. त्यांतील 29 संध्याकाळी 6 ते रात्री 2 या वेळेत घडले. जखमी आणि मृतांत 18 ते 34 या वयाचे पुरुष सर्वाधिक होते. निम्म्याहून अधिक घटनांचा संबंध दोन गटांतील एका जुन्या वैराशी असल्याचे पोलीस, रुग्णालय आणि आमचे क्षेत्रकार्यकर्ते या तिघांचेही निरीक्षण आहे. त्या वैरात थेट गुंतलेल्या सुमारे 60 व्यक्तींपैकी 36 जणांपर्यंत पोहोचण्याचा आमचा प्रस्ताव आहे.’ आता तपासनिसापुढे नकाशा, घड्याळ आणि माणसे, तिन्ही उभी राहतात.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. व्यक्तींची किंवा गटांची नावे अर्जात कधीही लिहू नयेत, कारण अर्ज हा सार्वजनिक दस्तऐवज असतो. वस्तीचे वर्णन करताना भाषाही जपून वापरावी. ज्या आईचा मुलगा गेला, ती तो अर्ज वाचील अशा बेताने लिहावा.

काम कोण करणार

संस्थेच्या क्षमतेच्या भागात आपल्यासारखी माणसे पदव्यांची यादी देऊन मोकळी होतात. वास्तविक तपासनीस एकच गोष्ट शोधत असतो: रात्री अकरा वाजता भांडण पेटले, तर फोन कोणाला जाणार आणि त्या माणसाचे तेथे ऐकतील का? ते ऐकले जाण्याजोगे वजन बहुधा त्याच गल्लीत वाढलेल्या, पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसाकडे असते. अशा माणसाला नोकरी देताना संस्थेच्या विम्याच्या अटी, रुग्णालयात प्रवेशासाठी लागणारी पार्श्वभूमी-तपासणी आणि परिवीक्षेच्या शर्ती या गोष्टी आधी निस्तरून ठेवाव्या लागतात. त्याचे प्रशिक्षण, रजा आणि मानसिक आधार यांचा खर्चही अंदाजपत्रकात दिसला पाहिजे, कारण हे कार्यकर्ते स्वतःच्या ओळखीतल्या मुलांच्या अंत्ययात्रांना वर्षातून कितीतरी वेळा जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर असतात.

पोलिसांशी नाते हा नाजूक भाग आहे. पोलिसांकडून गोळीबाराची माहिती संस्थेकडे यावी, परंतु संस्थेकडून सहभागींची माहिती पोलिसांकडे जाऊ नये, अशी एकदिशा व्यवस्था सामान्यतः असते. ती सहकार्य-पत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. एकदा का कार्यकर्ता खबऱ्या असल्याची कुणकुण वस्तीत लागली, की त्याचे काम संपते आणि त्याचा जीवही धोक्यात येतो. रुग्णालयाचे पत्रही असेच वेळेआधी मागावे; त्यांच्या कायदेशीर विभागातून सही होऊन यायला दोन महिने सहज लागतात.

अंदाजपत्रक : एक नमुना

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. वर दिलेल्या 36 व्यक्तींसाठी, प्रत्येकी 12 जण सांभाळणारे तीन क्षेत्रकार्यकर्ते आहेत असे धरू. पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. एका कार्यकर्त्याचा वार्षिक पगार 68,000 डॉलर, त्यावर कर आणि लाभ 26 टक्के म्हणजे 17,680, फोन आणि प्रवास 4,800, एकूण 90,480. तिघांचे मिळून 2,71,440. पर्यवेक्षकाचा पगार 95,000 आणि लाभ धरून 1,19,700. सहभागींच्या तातडीच्या गरजांसाठी, म्हणजे ओळखपत्र, वाहन परवाना, बसभाडे, जिवाला धोका असल्यास काही दिवस दुसरीकडे राहण्याची सोय, यांसाठी 40,000. मूल्यमापनासाठी 30,000. बेरीज 4,61,140. त्यावर 15 टक्के अप्रत्यक्ष खर्च 69,171, आणि सर्व मिळून 5,30,311 डॉलर. म्हणजे दर व्यक्तीमागे सुमारे 14,700. हा आकडा स्वतःच काढून लिहावा आणि त्याचे समर्थनही करावे, कारण तपासनीस तो काढणारच असतो.

अप्रत्यक्ष खर्चाविषयी संकोच नको. भाडे, वीज, हिशेबनीस, विमा यांचा वाटा मागणे हा हक्क आहे. स्वतंत्रपणे ठरवलेला दर नसलेल्या संस्थांना संघीय नियमांनुसार 10 टक्के मिळत असत, ते 1 ऑक्टोबर 2024 पासून 15 टक्के झाले आहेत. राज्याच्या सूचनापत्रात मात्र वेगळी मर्यादा असू शकते, तीच पाळावी. काही फेऱ्यांत ‘मॅच’, म्हणजे संस्थेने स्वतःचा वाटा घालणे, बंधनकारक असते. त्यात रोख रकमेप्रमाणेच फुकट मिळालेली जागा किंवा स्वयंसेवकांचे तासही धरता येतात, परंतु त्यांची नोंद पगाराइतकीच काटेकोर लागते.

यापुढील मुद्दा मी लाल अक्षरांत लिहिला असता. या अनुदानांपैकी बहुतेक प्रतिपूर्तीच्या तत्त्वावर चालतात. आधी संस्थेने खर्च करायचा, तिमाही संपल्यावर बिल पाठवायचे, त्यावर शंका आल्या तर त्यांचे निरसन करायचे, आणि मग पैसे येतात. जानेवारीत दिलेला पगार जूनमध्ये परत मिळाला, तर ते वेळेवर मिळाले असे समजावे. वरील अंदाजपत्रकाचा मासिक खर्च सुमारे 44,000 डॉलर होतो. म्हणजे सहा महिने निभावण्यासाठी हाताशी सुमारे 2 लाख 65 हजार डॉलर असावे लागतात. छोट्या संस्थेकडे एवढी गंगाजळी कोठून असणार? अनुदान मिळाल्यामुळे बुडण्याच्या बेतात आलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना अर्ज नापास होणे परवडले असते. म्हणून अर्जाआधीच बँकेकडून किंवा एखाद्या प्रतिष्ठानाकडून खेळत्या भांडवलाची सोय करावी, आणि अग्रिम रकमेची मागणी करता येते का ते विचारावे. कॅलिफोर्नियात 2023 साली झालेल्या ‘असेंब्ली बिल 590’ने राज्याच्या खात्यांना सेवाभावी संस्थांना 25 टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ देण्याची मुभा दिली आहे. मुभा आहे, सक्ती नाही; तेव्हा मागितल्याशिवाय मिळत नाही.

मोजमाप

मूल्यमापनाच्या भागात ‘खून 50 टक्क्यांनी कमी करू’ असे वचन कधीही देऊ नये. तीन गस्तक्षेत्रांत वर्षाला चार खून होत असतील, तर एक खून कमी किंवा जास्त झाल्याने टक्केवारी 25ने हलते, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आपल्या हातात असलेल्या गोष्टी मोजाव्यात: किती जणांशी संबंध जुळला, किती भेटी झाल्या, किती भांडणांत मध्यस्थी झाली, किती जण नोकरीत सहा महिने टिकले, किती जणांना पुन्हा गोळी लागली नाही. गोळीबाराचा आकडा द्यावा, पण शेजारच्या तुलनायोग्य भागाच्या आकड्यासह द्यावा. मूल्यमापक म्हणून जवळच्या विद्यापीठातील अभ्यासक अर्ज लिहितानाच सोबत घ्यावा. अनुदान मंजूर झाल्यावर शोधायला गेले, की तो त्याच्या सोयीची प्रश्नावली घेऊन येतो.

सादर करताना आणि त्यानंतर

संघीय अर्ज दोन टप्प्यांत जातो: आधी ग्रँट्स डॉट गव्हवर मूळ नमुना, मग न्याय विभागाच्या जस्टग्रँट्स या संकेतस्थळावर संपूर्ण प्रस्ताव, आणि दोन्हींच्या मुदती वेगवेगळ्या असतात. त्या ईस्टर्न वेळेनुसार असतात, म्हणून आपले घड्याळ तीन तास मागे आहे हे विसरू नये. मी अर्ज तीन दिवस आधी पाठवतो. शेवटच्या संध्याकाळी ते संकेतस्थळ दादरच्या गणपतीच्या बाजारासारखे तुंबते.

अनुदान मंजूर झाले, की पहिल्या दिवसापासून वेळपत्रके भरून घ्यावीत. जो कार्यकर्ता दोन अनुदानांवर विभागलेला आहे, त्याने कोणते तास कोठे दिले हे त्याच आठवड्यात लिहिले गेले पाहिजे. वर्षअखेरीस आठवून भरलेली पत्रके लेखापरीक्षकाला लगेच ओळखू येतात. आधीपासून दुसऱ्या पैशातून चालू असलेला खर्च नव्या अनुदानावर ढकलून जुना पैसा मोकळा करणे याला मनाई आहे. भेटकार्डे, जेवण आणि विद्यावेतन यांबाबत आधी लेखी परवानगी घ्यावी आणि कार्ड देताना क्रमांकासह सही घ्यावी. वर्षभरात संघीय अनुदानांतून 10 लाख डॉलर किंवा अधिक खर्च झाला, तर विशेष लेखापरीक्षण करावे लागते. पूर्वी ही मर्यादा साडेसात लाख होती. एप्रिल 2025 नंतर आमच्या मंडळाने आणखी एक नियम केला आहे. कोणत्याही एका सरकारी स्रोताचा वाटा एकूण उत्पन्नाच्या 40 टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, आणि झालेल्या खर्चाचे बिल एक दिवसही उशिरा पाठवायचे नाही, कारण अनुदान थांबले तरी तोवर झालेला मान्य खर्च मागता येतो.

अर्ज नामंजूर झाला, तर तपासनिसांचे शेरे मागून घ्यावेत आणि ज्या संस्थांना अनुदान मिळाले त्यांचे प्रस्ताव सार्वजनिक माहितीच्या कायद्याखाली मिळवून वाचावेत. आमचा तो 400 मुलांचा अर्ज पडल्यावर आम्ही दोन्ही केले. शेऱ्यांत एका तपासनिसाने एवढेच लिहिले होते: ‘यांपैकी कोणाला गोळी लागण्याची शक्यता आहे?’ पुढच्या खेपेला आम्ही 36 जणांसाठी, शहराच्या अर्जात उपअनुदानधारक म्हणून, पैसे मागितले. ते मिळाले, आणि पहिली प्रतिपूर्ती सातव्या महिन्यात आली.